दुसऱ्या गिअरची वाट

शहरात कुणी म्हातारा माणूस गेला की तुपेकाका अस्वस्थ व्हायचे. माणूस जवळचा असलाच पाहिजे असं नव्हतं. त्याच्या जिन्याखाली किंवा परसात ताडपत्री टाकलेली एक जुनी फटफटी उभी आहे, एवढी ओळख त्यांना पुरायची. पांढरा शर्ट घालून ते माझ्या दारात येऊन उभे राहायचे. ‘सुधाकर, स्कूटर काढ. भेटून येऊ.’ आम्ही भेटायला जायचो. तिथे सतरंजीवर बसल्यावर आपली नजर जिन्याखाली जाऊ नये म्हणून ते इतका आटापिटा करायचे, की घरातल्या सगळ्यांचं लक्ष नेमकं जिन्याखालीच जायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले रंगनाथ तुपे औरंगपुऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. उंच, थोडे वाकलेले, बोलताना हातातला रुमाल चुरगळणारे. काळजी करणं हा त्यांचा खरा धंदा. नोकरी त्यांनी मधल्या वेळेत उरकली. गॅस बंद केलाय ना हे बघायला ते गल्लीच्या टोकावरून परत यायचे आणि परतल्यासरशी आमचाही बंद आहे का ते विचारून जायचे. कुणी हसलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, ‘मी काळजी नाय करत. मी आपलं विचारून ठिवतो.’

ह्या सगळ्याची सुरुवात एका फटफटीपासून झाली होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी सुमनकाकूंना मागे बसवून ते वेरूळला दर्शनाला निघाले होते. दौलताबादच्या पुढच्या घाटात गाडीचा दुसरा गिअर सुटायला लागला. टाकला की निसटायचा. पहिल्यावर इंजिन तापायचं, तिसऱ्यावर चढ ओढवायचा नाही. ‘तू अजिबात काळजी करू नको, मी पोचवतो,’ असं ते काकूंना म्हणाले आणि पुढच्याच वळणावर गाडी बंद पडली. नव्या साडीतल्या काकूंनी तिला मागून धरत धरत घाट उतरवायला मदत केली. पुढे बदल्या झाल्या, घरात स्कूटर आली, फटफटी ताडपत्रीखाली गेली. वेरूळला दोघं नंतर कितीदा तरी जाऊन आली, पण बसनं. ‘जन्मात एकदाच म्हनलो, काळजी करू नको,’ काका सांगायचे, ‘आन् तवाच तोंडावर पडलो.’

निवृत्त झाल्यावर त्यांनी मनावर घेतलं, की काकूंना एकदा तरी त्याच गाडीवरून तो घाट चढवून न्यायचा. काकू म्हणायच्या, ‘अहो, बस जाते की वेरूळला. खिडकी मिळाली तर वारासुद्धा लागतो.’

छावणीतल्या रफिक मिस्त्रीनं इंजिन, चाकं, चेन सगळं मार्गी लावलं. घोडं अडलं ते दुसऱ्या गिअरवर. एकमेकांत दात अडकवून फिरणारी ती दोन चक्रं. एक झिजलं की दुसरंही झिजतं, म्हणून बदलायची तर जोडीनं. गाडीची कंपनी कधीच बंद पडलेली. ‘काका, गाड़ी तो आज खड़ी कर देतूँ,’ रफिक म्हणाला, ‘पन सेकंड की जोड़ी कां से लाऊँ?’ लेथवर घडवून घेतलेली जोडी छावणीतून औरंगपुऱ्यात पोचायच्या आत दात टाकून मोकळी झाली. आता तशाच एखाद्या जुन्या गाडीतून काढलेली जोडी मिळाली तरच काम होणार होतं, आणि तशा गाड्या उरल्या होत्या त्या फक्त म्हाताऱ्यांच्या घरी.

खरी अडचण इथेच होती. सुतक असलेल्या घरात काही मागायचं नाही, व्यवहार काढायचा नाही. आणि तेरावं झालं की दुसऱ्या दिवशी घर झाडायला काढतात. त्यात गेलेल्याची गादी जाते, काठी जाते, फटफटीही जाते. आधी तोंड उघडलं तर गिधाड ठरणार आणि नंतर उघडलं तर भंगारवाला पुढे गेलेला असणार. एकदा आम्ही तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो, तर गल्लीच्या तोंडाशी हातगाडी वळत होती आणि तिच्यातून हँडल वर आलेलं दिसत होतं. धावत गाठलं, तोवर गाडीवाल्यानं ॲल्युमिनियम वेगळं काढायला गिअरबॉक्सवर घण घातलेला होता. परतताना काका स्कूटरवर मागे बसले होते. क्रांती चौकाच्या सिग्नलला म्हणाले, ‘सुधाकर, मानूस गेला तवा मला रडू आलं नाय, आन् हँडल बघून आलं. मी वाईट मानूस हाय का रं?’

मी ‘नाही’ म्हणालो. त्यांनी घरी पोचेपर्यंत तेच आणखी विचारून ठेवलं.

मग रफिककडून भागाजींचा पत्ता लागला. दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांचं घर. बापजाद्यांची मेंढरं होती. ह्यांनी दुधाचा धंदा केला आणि ह्याच जातीच्या फटफटीला कॅन लटकावून वर्षानुवर्षं शहरात दूध घातलं. आता मुलं कामाला जायची, म्हातारा खोकत बाजेवर पडलेला असायचा आणि गाडीच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली. काकांनी गाडी ढकलून गिअर टाकून बघितला. दुसरा पडला तो पडलाच, सुटेना.

‘मी हाय तवर तिला पाना लागनार नाय,’ भागाजी बाजेवरूनच म्हणाले. ‘मागनं पोरं देतीन. थांबा तवर.’

म्हणजे आता एका जिवंत माणसाच्या मरणाची वाट बघायची होती, आणि जगात हे काम कुणाला झेपणार नसेल तर ते तुपेकाकांना. आम्ही दर गुरुवारी दौलताबादला जायला लागलो. आधी नुसता बिस्किटांचा पुडा असायचा. मग काकांना तो खोकला ऐकवेना. त्यांनी रिक्षा करून भागाजींना शहरात आणलं, छातीचा फोटो काढला, गोळ्या चालू केल्या आणि गोळी घेतली का ते रोज संध्याकाळी फोनवर विचारून ठेवू लागले. म्हातारा बाजेवरून उठला, पुढं पुढं तर किल्ल्याच्या दरवाजापर्यंत फिरून यायला लागला.

‘काका, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय,’ मी म्हणालो.

‘मंग काय मरू देऊ व्हय?’ ते चिडले. मग रुमाल चुरगळत म्हणाले, ‘तो खोकला का मला गिअर दिसतो. आन् गिअर दिसला का माझी मला लई लाज वाटती.’

भागाजींना सगळं कळत होतं. आम्ही दिसलो की ते हाक द्यायचे, ‘गिअरला भेटाया आले न्हवं साहेब? या. गिअर बराय. मी बी बराय.’ मग दोघं गाडीशेजारी बसून चहा प्यायचे आणि तिला ऊन लागतं का, गोठा गळतो का, ह्यावर बोलत राहायचे. मला वाटतं, काकांना आयुष्यात पहिल्यांदाच काळजी करायला जोडीदार मिळाला होता.

एका गुरुवारी सकाळी मी स्कूटर काढून हॉर्न दिला. काका बाहेर आले नाहीत. आदल्या दिवसापासून छातीत जळजळतंय म्हणत होते आणि ‘पित्त हाय’ म्हणून ओवा खात होते. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. साऱ्या गल्लीच्या गॅसची चिंता वाहणाऱ्या माणसानं स्वतःच्या छातीची तेवढी केली नाही. ह्याचा मला अजूनही राग येतो, आणि रागामागून रडू येतं.

दहाव्याला दारात रिक्षा थांबली. काठी टेकत भागाजी उतरले. त्यांच्या हातात धोतराच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी जड होतं. काकूंसमोर बसून त्यांनी गाठ सोडली. ग्रीसनं माखलेली दोन चक्रं होती, सगळे दात शाबूत.

‘वैनी, मी हाय तवर पाना लागनार नाय म्हनलो व्हतो,’ ते म्हणाले. ‘मला वाटलं, माझा नंबर आधी. त्यानं मला उठून बसवलं आन् सोता निघून गेला. मंग बोलावला गावातला मिस्त्री. म्हनलं, खोल.’

काकूंनी फडक्याची गाठ पुन्हा बांधली. ‘सुतक आहे भाऊ,’ त्या म्हणाल्या. ‘घरात नाही घेता यायचं. ओट्यावर ठेवा.’

तेराव्यापर्यंत जोडी ओट्यावर, तुळशीच्या कुंडीशेजारी राहिली. कुणी उचलून नेईल म्हणून मी येता-जाता खिडकीतून बघायचो, पहाटे जाग आली तरी बघायचो. चौदाव्या दिवशी घर झाडलं गेलं. काकांची गादी गेली, काठी गेली. फटफटी मात्र जोडीसकट रफिककडे गेली.

तो पुढचा गुरुवार होता. काकूंना मागे बसवून मी निघालो, आणि छावणी ओलांडेपर्यंत दोनदा उतरून चेन बघितली. काकांची सगळी काळजी माझ्या मानेवर येऊन बसली होती. ही गाडी पुन्हा त्याच घाटात बंद पडली तर काकूंना काय तोंड दाखवायचं, हे मला कळत नव्हतं. दौलताबादला भागाजी रस्त्याच्या कडेला उभे होते. मी वेग कमी केला, तर त्यांनी काठी उगारली. ‘थांबू नका. आदी घाट चढा.’

चढ सुरू झाला. मी दुसरा टाकला. इंजिनाचा आवाज जड झाला. ज्या वळणावर तेव्हा गाडी बंद पडली होती ते जवळ आलं, आणि काकूंचा हात माझ्या खांद्यावर आला. साऱ्या जन्मात कशाचीच काळजी न केलेल्या काकूंनी खांदा घट्ट धरला होता.

‘मी काळजी नाही करत,’ त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. ‘आपलं विचारून ठेवते. सेकंड धरलाय ना?’

‘धरलाय, काकू.’

वळण मागे पडलं. वेरूळ येईपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही.