डाव्या हाताचा सलाम

शीबाईच्या तोंडून कुठल्याही गोष्टीला पहिला शब्द निघायचा तो ‘शी’. समोर संत्र्याची बर्फी ठेवा, नवे पडदे दाखवा, नाही तर शेजारच्या सुनेला नोकरी लागल्याची बातमी सांगा, आधी ‘शी!’, मग कपाळाला आठी, मग बाकीचं. बर्फी खाऊन झाल्यावर म्हणायची, “बरी आहे वं, पण साखर काहून एवढी ओतली?” आमच्या प्रतापनगरच्या गल्लीत तिचं खरं नाव पोस्टमन सोडून कोणाच्या लक्षात नव्हतं. मी तर तोंडावरच शीबाई म्हणायची. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ती म्हणाली, “शी! काय नाव ठेवलं वं!” आणि इतकी हसली, की चष्मा काढून पुसावा लागला.

नवीन माणसाला वाटे, काय तिरसट बाई आहे. तशी नव्हती. तिचं म्हणणं असं, की किळस हा माणसाचा चांगला गुण आहे. “ज्याले कशाचीच किळस येत नाही ना, त्याच्या घरी जेवू नये,” हे तिचं ब्रह्मवाक्य. मला आधी ते विनोदी वाटायचं. आता वय झालं, दहा घरचं जेवून झालं, आता नाही वाटत.

ती काटोलची. बापाचा संत्र्याचा बगीचा, नवरा इंजिनिअर. त्याला कंपनीनं जपानला पाठवलं, तिथं गोदी असलेल्या एका गावात, जिथं पाणबुड्या येऊन लागतात. काटोलच्या पोरीनं तोवर पाणी पाहिलं ते विहिरीतलं! तिथं हिच्याशी बोलायला कोणी नाही. पण तिथले लोक म्हणे वाचून झालेली मासिकं सुतळीनं नीट बांधून रद्दीसाठी दाराबाहेर ठेवतात. ही शेजारणीला विचारून ते गठ्ठे घरात आणायची आणि चित्रं बघून बघून भाषा शिकायची. जपानी चित्रकथा, मांगा म्हणतात त्याला. त्यातच तिला ती पाणबुडीची गोष्ट सापडली. एक कप्तान आपल्याच सरकारला न जुमानता पाणबुडी घेऊन समुद्राच्या पोटात निघून जातो, आणि सगळ्या जगाची आरमारं त्याच्या मागं लागतात. पुढं नवरा तिथंच आजारानं गेला. ही लहानग्या लेकीला, मेघाला, आणि पुस्तकांनी भरलेली एक ट्रंक घेऊन नागपूरला परतली, आणि घरीच जपानीचे वर्ग घेऊ लागली.

त्या पाणबुडीच्या गोष्टीला मात्र तिनं कधी ‘शी’ म्हटलं नाही. आयुष्यात बहुतेक त्या एकाच गोष्टीला.

म्हणून तर त्या गोष्टीचं पुढं जे जे झालं ते तिला सहन झालं नाही. आधी त्याचा कार्टूनपट निघाला, मग खऱ्या नटांचा सिनेमा, मग मोबाइलवर भागाभागांची मालिका. मालिका आमच्या टीव्हीवर दिसते म्हणून ती आमच्याकडे बघायला आली. पहिल्याच प्रसंगात म्हणाली, “शी! पाण्याखाली ढोलताशे कोण वाजवून राहिलं?” मग कप्तानाच्या केसांवर घसरली. “इतक्या दिवसांचा समुद्रात आहे तो, अन् केस पाहा, आत्ताच सलूनमधून उठल्यासारखे!” हिंदीत आवाज दिलेला होता. तिकडचा आरमारप्रमुख आपल्या सिनेमातल्या ठाकुरासारखा गरजत होता. आवाज इतके, की त्या बिचाऱ्या पाणबुडीला लपायला जागाच ठेवली नव्हती. “पुस्तकात दोन दोन पानं कोणी बोलत नाही,” ती म्हणाली. “तीच तर गोष्ट आहे. यांनी तीच फेकली, अन् साल शिजवून वाढली.” आणि रिमोट स्वतःच्या हातानं दाबला.

त्याच संध्याकाळी तिनं ठरवलं, की ही कथा आपण मराठीत करायची. डोळे तेव्हा उतरायला लागले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मधलं मधलं दिसेनासं होत जाईल. म्हणून ती भिंग लावून वाचायची, मराठीत सांगायची, आणि मी लिहायची. मी कुठली शिकलेली? मॅट्रिकच्या आत शाळा सुटली, पुढचं सगळं वाचनालयात बसून. पण ती म्हणे, “तुले जे बोलताना अडतं, ते मराठीच नाही. तू फक्त अडत जा.” मी अडत गेले. रोज दुपारी.

मे महिना होता. नागपूरचा मे. खिडक्यांना ओले पडदे, खोलीत अंधार, कोपऱ्यात कूलर घरघरतोय. एक प्रसंग असा होता, की पाणबुडी तळाशी दडून बसलेली, आणि कानाला यंत्र लावून एक खलाशी वरच्या जहाजांचे आवाज ऐकतोय. शीबाईनं उठून कूलर बंद केला. “बाप्पा! मरू ना आपण,” मी म्हटलं. “मर थोडीशी,” ती म्हणाली, “पण ऐक.” घामानं पाठ भिजली. आणि मग हळूहळू मला शेजारच्या कुकरची शिट्टी सोडून बाकीचं ऐकू यायला लागलं. टाकीत थेंब पडत होता. दूर कुठं तरी कोणी खलबत्त्यात काही कुटत होतं. पलीकडच्या घरी एक म्हातारं माणूस कुशीवर वळलं, ते खाट करकरली त्यावरून कळलं. “आता लिही,” शीबाई म्हणाली. त्या दिवशी मी जे लिहिलं त्यात मला कुठंच अडलं नाही.

पाणबुडीवरचा स्वयंपाकी तेवढा तिनं आमच्याकडचा करून टाकला. बाकीचे खलाशी शुद्ध बोलायचे आणि हा कप्तानाला विचारायचा, “साहेब, भात गरम आहे तं युद्ध थोडं थांबवता का?” मी म्हटलं, अगं, जपानी माणूस वऱ्हाडी कसा बोलेल? ती म्हणाली, “अन् शुद्ध पुण्याचं कसा बोलून राहिला?” मी ते तसंच लिहून घेतलं.

काम पुरं झालं. तिची एकच इच्छा होती, आपल्याला दिसतंय तोवर पुस्तक छापलेलं बघायचं. धरमपेठेत एक प्रकाशक भेटला. हसरा, गळ्यात दोन चष्मे, बोलण्यात मध. तिकडून रीतसर परवानगी आणायचं त्यानं कबूल केलं, आणि पहिल्या प्रकरणाचा नमुना करून बघू म्हणाला. नमुना तयार झाल्यावर आम्ही दोघी चांगल्या साड्या नेसून गेलो. तिनं भिंग पर्समध्ये घेतलं होतं, नवरीनं आरसा घ्यावा तसं.

आता एक समजून घ्या. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडं वाचतात. आपलं शेवटचं पान ते त्यांचं पहिलं. आणि या गृहस्थानं काय केलं होतं, तर आपल्या वाचकाची सोय म्हणून सगळी चित्रंच आरशात धरल्यासारखी उलटी फिरवली होती.

मला आधी काही कळलं नाही. मग जेवणाचं चित्र आलं. सगळे खलाशी ओळीनं बसले होते आणि सगळेच्या सगळे डाव्या हातानं भात खात होते. मला जपानी येत नाही, पण डाव्या हातानं जेवणारी पंगत मला कळते. पुढल्या पानावर कप्तान झेंड्याला सलाम करत होता. डाव्या हातानं. त्याच्या पुढल्या पानावर आम्ही लिहिलेलं, “डावीकडे वळवा!” आणि पाणबुडी निघाली होती उजवीकडं.

शीबाई भिंग फिरवत गेली. एका चित्रावर थांबली, बराच वेळ. कप्तानाची बायको त्यांच्याकडचा अंगरखा घालून दारात उभी राहून त्याला निरोप देतेय, इतकंच होतं त्यात. मग भिंग मिटून म्हणाली, “हे सरळ करा, भाऊ.”

“बाई, तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिल्या? आपल्या पब्लिकले डावीकडून वाचायची आदत आहे.”

“उर्दू पेपर वाचणारे काय डोक्यावर उभे राहतात का गा? सवय होते माणसाले.”

“डावीकडे-उजवीकडे ते शब्द आपण बदलून टाकू ना.”

“अन् हात? हात कापून इकडचा तिकडं लावशीन?”

तो हसला. “एवढं कोण पाहते, बाई? वाचकाले काय समजते?”

तिनं या वेळी ‘शी’ म्हटलं नाही. त्याचा नमुना त्याच्याकडं सरकवला आणि पर्स उचलली. उरलेली प्रकरणं माझ्याच घरी होती, ती तिथंच राहिली.

ऑटोत बसल्यावर मी म्हटलं, अगं, हातांचं समजलं, पण तू त्या बाईच्या चित्रापाशी काय बघत होतीस? तेव्हा तिनं सांगितलं. त्यांच्याकडच्या अंगरख्याचा, किमोनोचा, डावा पल्ला नेहमी वर असतो. उजवा पल्ला वर फक्त मेलेल्या माणसाचा घालतात. तिचा नवरा गेला तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या त्याला पांढरा अंगरखा घालत होत्या. हिला वाटलं, त्या चुकल्या. म्हणून ही पुढं होऊन पल्ला सरळ करायला लागली, तेव्हा एकीनं हिचा हात धरला आणि मान हलवली. “तेव्हा मले खरं समजलं, की तो गेला,” शीबाई म्हणाली. “या माणसानं त्या जित्त्या बाईले प्रेताचे कपडे घातले वं. अन् म्हणते, कोण पाहते?”

पुढं प्रकाशकानं फोन केले, निरोप धाडले. ती बधली नाही. दुसरा प्रकाशक मिळाला नाही. डोळे गेले. दिवाळीनंतर ती स्वतःही गेली, छापलेलं एक पानही न बघता.

तेरवीला मेघानं गल्लीला जेवण घातलं, आणि तो गृहस्थ न बोलावता हजर! हातात पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा रंगीत कागद. वर कप्तान, डाव्या हातानं सलाम ठोकणारा, आणि खाली आमच्या शीबाईचा हार घातलेला फोटो. “मालिका जोरात चालून राहिली आहे, हाच मौका आहे. बाईंच्या स्मृतीत काढू,” असं तो मेघाला सांगत होता. सांगता सांगता पानावर बसला. मी वरणाचं भांडं घेऊन तशीच आत निघून गेले. माणूस असं करू शकतो, हे मला इतक्या वयात माहीत नव्हतं.

मेघा माझ्याकडं स्वयंपाकघरात आली. पुण्याला असते ती, समजूतदार आहे. म्हणाली, “काकू, तुमच्याकडचे ते लिहिलेले कागद देऊन टाका ना. आईचं नाव तरी राहील.”

मी तिला आतल्या खोलीत नेलं, ट्रंकेतलं मूळ जपानी पुस्तक काढलं आणि कप्तानाच्या बायकोचं चित्र उघडलं. मग आरसा धरून तेच उलटं दाखवलं. ऑटोत ऐकलं होतं ते सगळं सांगितलं.

पोर आरशात बघत राहिली. मग म्हणाली, “मला बाबांचं काहीच आठवत नाही, काकू. मी फार लहान होते.” चित्रावर बोट ठेवून विचारलं, “आईला आठवत होतं?”

“शेवटपर्यंत,” मी म्हटलं.

तिनं आरसा पालथा ठेवला, पदर खोचला आणि बाहेर गेली. मी मागोमाग. तो वड्याचा घास तोंडात घालत होता.

“काका, हे पुस्तक आम्हाला काढायचं नाही.”

“काहून बेटा? कारण तं सांग.”

“जेवून घ्या,” मेघा म्हणाली, “आणि जा.”

आम्हाला वाटलं, उठेल. नाही उठला. पोटभर जेवला, दुसऱ्यांदा भात घेतला, आणि वरून ताक आहे का म्हणून विचारलं.