आर्या की आर्वी

गुलाबाच्या स्प्रेचा वास आला की मला अजून ते बारसं आठवतं. अकोल्याला मावसबहिणीच्या, वंदनाच्या, मुलीचं बारसं होतं आणि हॉलभर तोच फवारला होता. वंदनाचं माहेर आर्वी गावचं, म्हणून तिला लेकीचं नावही आर्वीच हवं होतं.

वंदनाच्या सासूबाईंनी माईकवरून विचारलं, "सांग वो सूनबाई, आर्या का आर्वी? पोरगी तुही हाये."

"आर्वी," वंदना म्हणाली.

"ते तं बसची पाटी झाली वो. पोरीले हाक मारली का पॅशिंजर चढतीन."

हॉल हसला. वंदना पाळण्याची दोरी चाचपत राहिली. तेव्हा मला त्या विनोदाची चीड आली होती. आता किळस येते ती त्या विचारण्याची. कारण लगेच पाळण्यामागचा पडदा सरकवला गेला, आणि मागे थर्माकोलच्या सोनेरी अक्षरांत 'आर्या' तयारच होतं.