मेलेल्यांच्या नावाचा चमचा

टिमोक नदीकाठच्या त्या गावात स्तामेनाच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. तिने सूतगिरणीत उभ्याने जन्म काढला, नवऱ्याला पोचवलं, पाठोपाठ तरण्या मुलाला, तिहोमिरलाही पोचवलं, पण ती कुणापुढे वाकली नाही. शेवटी उजव्या खुब्यानेच दगा दिला. मुलाची कबर टेकडीवर आणि हिची मजल पायथ्याशी कबरस्तानाच्या फाटकाजवळच्या बाकड्यापर्यंत. सांधा बदलून पोरापाशी स्वतःच्या पायांनी जायचं, एवढंच तिला हवं होतं.

पण तिला मधुमेह होता आणि हृदयही अधू.

"साखर अशीच राहिली तर जखम चिघळेल," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "आणि अंगात पाणी साठलेलं असलं, तर भूल दिल्यावर हृदयाला झेपेल का, याची मी हमी देत नाही."

स्तामेनाने अख्खा हिवाळा जीभ आवरून धरली. गोड बंद, दारू बंद, खारवलेली कोबीसुद्धा बंद. साखर उतरली, ऑपरेशनची तारीख मिळाली.

नेमका त्याच्या आदल्या आठवड्यात मृतांचा शनिवार आला. कबरींवर मेणबत्त्या लावून बायका साखर-अक्रोड घातलेले शिजवलेले गहू घेऊन उतरू लागल्या. जो भेटेल त्याने त्यांच्या मेलेल्यांच्या नावाने चमचाभर खायचं, ही रीत. स्तामेना बाकड्यावरून नको नको म्हणत राहिली आणि बायका तोंडं वाकडी करत राहिल्या.

मग तिची नणंद विदोसावा आली. तिने वाडगा थेट नाकाशी धरला.

"वहिनी, माझ्या भावाच्या नावाचा घासही नको? तिहोमिरचेही गहू यातच आहेत. पोराला उपाशी ठेवून स्वतःचं हाड सांभाळतेस?"

"वन्सं, पोरापाशी जायचंय म्हणूनच सांभाळतेय."

"एका चमच्याने कोण मेलंय!"

स्तामेनाने खाल्लं. मग एकीचं खाऊन दुसरीचं कसं नाकारायचं? तिने सगळ्यांचं खाल्लं. पथ्य मोडलंच होतं, त्यात "ऑपरेशनआधी अंगात ताकद हवी" म्हणत शेजारणींनी आठवडाभर केक आणले, कोबीतलं डुकराचं मटण आणलं. माया करायला सगळ्या पुढे होत्या, भोगायला स्तामेना एकटी.

भरती व्हायच्या दिवशी साखर भलतीच चढलेली, पाय सुजून टम्म. तारीख रद्द झाली. पुन्हा नंबर लागेपर्यंत हृदय इतकं थकलं, की डॉक्टरांनी ऑपरेशनला कायमचा नकार दिला.

पुढच्या वर्षी त्याच शनिवारी स्तामेना त्याच बाकड्यावर बसली होती. तिहोमिरच्या कबरीवर मेणबत्ती लावून विदोसावा खाली आली आणि तिने वाडगा पुढे केला.

"घे गं वहिनी, पोटभर घे. आता ऑपरेशनच नाही, तर पथ्य कसलं?"

वाडगा उचलून तिच्या तोंडावर मारावा, असं स्तामेनाला वाटलं. पण गहू पोराच्या नावाचे होते. तिने चमचा हातात घेतला.