कोटाची बाही

सकाळी लिफ्टमध्ये सोलापूरची रेवती भेटली. कॅनडातल्या आमच्या या इमारतीत ती नुकतीच राहायला आली आहे. पुढच्या मजल्यावर एक कॅनेडियन आजीबाई आत आल्या, तशी रेवतीने मान वळवून हळूच स्वतःच्या कोटाची बाही हुंगली. माझं डोकंच फिरलं, पण चिडावं कुणावर ते कळेना.

बारा वर्षं मीही हेच करते आहे. कोटांना वास लागू नये म्हणून फोडणीआधी ते सगळे बेडरूममध्ये न्यायचे, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबायचा, मगच तेलात मोहरी टाकायची. कुणी कधी नाक मुरडल्याचं आठवत नाही. तरी मी आधी हिंग कमी केला, मग लसूण, आणि आता माझ्या आमटीला मुलं सूप म्हणतात.

आजीबाई उतरल्यावर रेवतीने विचारलं, “काकू, वास येतोय का हो?”

येत होता. लसणाच्या खमंग फोडणीचा. सकाळी सकाळी भूक चाळवली माझी. म्हणायचं होतं, येऊ दे की. तोंडातून निघालं ते मात्र वेगळंच. “फोडणीआधी कोट आत ठेवत जा, आणि दाराला टॉवेल लाव.”

तिने मान डोलावली. मला निदान हे कुणी सांगितलं नव्हतं; तिला मीच सांगितलं.