मंदीबाईंचं सूप

आमच्या बाई महामंदी शिकवताना हसायच्या. मूळच्या रत्नागिरीच्या, अमिरातीतल्या फुजैराच्या आमच्या शाळेत इतिहास शिकवत. अमेरिकेत बँका कशा बुडाल्या, सूट घातलेले साहेबलोक फुकटच्या सुपासाठी रांगेत कसे उभे राहिले, हे त्या इतकं रंगवून सांगत की आम्ही त्यांचं नाव मंदीबाई ठेवलं. त्यांना ते कळलं तेव्हा म्हणाल्या, "तेजीबाईपेक्षा बरं. तेजी फसवते!"

"पण मिस, हसता का?"

"अगं, ती माणसं पुन्हा उभी राहिली. मला शेवट ठाऊक आहे ना!"

मग दोन हजार आठ साल आलं. दुबईतल्या क्रेन थांबल्या, वर्गातली बाकं रिकामी होऊ लागली. माझ्या बाबांचीही नोकरी गेली. तरी ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग घेऊन बाहेर पडत. बाहेर कुणाला कळता कामा नये, असं आईने मला बजावलं होतं.

एक दिवस वर्गातल्या शिफाने विचारलं, "मिस, आर वी नेक्स्ट?"

बाई हसल्या नाहीत. पुस्तक मिटून म्हणाल्या, "शुक्रवारच्या सुट्टीला सगळे किनाऱ्यावर. आईबाबांना घेऊन. आपण ती सुपाची रांग लावू."

शुक्रवारी बाईंनी मसूरडाळीच्या सुपाचं भलंमोठं पातेलं आणलं. आम्ही बापांचे कोट घालून रांगेत उभे. मागे मोठी माणसं, अवघडलेली. बाईंनी डाव थेट बाबांच्या हातात दिला. "भाऊ, वाढा. यल्ला, चला!"

शिफाचे अब्बा वाटी पुढे करत हळूच म्हणाले, "भाईसाब, अपना तो सचमुच खलास हो गया. नौकरी गई."

बाबांचा हात थांबला. "मेरी भी," ते म्हणाले.

मागून आणखी एक आवाज आला, "आमचीपण." मग रांग मोडलीच. माणसं वाळूत बसून मोकळेपणाने बोलू लागली. कुणी कुठल्या तेल-टर्मिनलवर जागा आहे म्हणालं. हुद्दा खालचा होता, पण बाबांना ती मिळाली आणि आम्ही राहिलो.

पुढच्या वर्षी बाई कायमच्या रत्नागिरीला निघाल्या. बाबांनीच त्यांना दुबई विमानतळावर सोडायला गाडी काढली, मीही सोबत. डोंगरातल्या रस्त्यावर बाबांनी विचारलं, "बाई, त्या दिवशी डाव माझ्याच हातात कसा दिलात?"

"भाऊ, मी रोज सकाळी समुद्राकाठी, कॉर्निशवर फिरायला जायचे. बाकावर एक गृहस्थ पेपर उलटा धरून वाचायचे."

बाबांना एवढं हसू लोटलं की गाडी बाजूला घ्यावी लागली.