हरभऱ्याची आंब

काल नवी सून वावरातून हिरवा हरभरा खाऊन आली आणि संध्याकाळभर ओठ मिटून बसली. तिच्या हातांना येणाऱ्या आंबट वासानं मी सासरी, उंद्री गावातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात गेले.

मी शहरातली. हरभऱ्याच्या पानांवरची आंब, तो खारट-आंबट ओलावा, थंडीनं उललेल्या ओठांना कशी सोलून काढते, हे मला ठाऊक नव्हतं. हसलं की रक्त यायचं, म्हणून मी हसणंच सोडलं. शेवटी चुलीपाशी सासूबाईंनी हळूच विचारलं, "तुले आमचं घर नाई आवडलं काय वं?"

"तसं नाही आई, हरभरा खाल्ला. ओठ फुटलेत."

त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. ताकावरचं लोणी बोटावर घेऊन त्यांनीच माझ्या ओठांना लावलं. आधी झोंबलं, मग गार गार वाटलं.

"आता हासू नको," त्या म्हणाल्या, आणि मला हसू आवरेना.

तेव्हा वाटलं होतं, घर आवडलं का विचारून त्या मला जोखताहेत. त्या घाबरल्या होत्या, हे मला काल कळलं, कारण तोच प्रश्न माझ्याही जिभेवर आला होता. तो गिळून मी फ्रिजमधलं लोणी काढलं.

"ओठ दाखव वं," मी सुनेला म्हटलं.