दरी बघायला गेलो आणि बट्ट्या भाजत बसलो

मागच्या रविवारी आमची नऊ माणसं, दोन गाड्या आणि पोतंभर गोवऱ्या अशी वरात सुरतेच्या भेस्तानहून निघाली... डांगकडच्या नॅशनल पार्कला. ट्रेकिंग करायला म्हणे!

गोवऱ्या कशाला, हे खानदेशी माणूस विचारणार नाही. सुरतेत येऊन किती का वर्षं होईनात, घराबाहेर चार माणसं जमली की वरण-बट्टी झालीच पाहिजे. आणि बट्ट्या गॅसवर केल्या तर नणंदेचे मिस्टर तोंड वाकडं करतात.

मला मात्र दरी बघायची होती. माझं माहेर सटाण्याकडचं, बावीस वर्षं सापुताऱ्याच्या घाटातून जा-ये करतेय. पण घाट लागला की दोन्ही पोरांना उलट्या... माझी नजर कायम पिशवीत. खिडकीबाहेर काहीतरी खोल, निळसर आहे एवढंच कळायचं आणि वळण यायचं.

या पार्कात गेटपासून दोन-अडीच किलोमीटर पायवाट आहे, ती थेट कड्यावर नेते. तीननंतर आत सोडत नाहीत. म्हणून बाराला जेवायचं आणि एकला निघायचं, असं मी आठवडाभर सगळ्यांच्या डोक्यात भरवलं होतं.

पण गोवऱ्या निघाल्या ओलसर. गेटबाहेरच्या एका शेतात, मालकाला विचारून, आम्ही दीड तास नुसता धूर केला. शेवटी आमचे हे म्हणाले, तुम्ही बट्ट्या करा तोवर आम्ही बघून येतो. मुलं निघाली, नणंदेचं घर निघालं... माहेरवाशीण ती, तिला कोण अडवणार? राहिलो मी आणि सासूबाई.

अडीच वाजले. बट्ट्या अजून आतून कच्च्याच. मला रडू आलं, खरंच सांगते. चव्वेचाळीस वर्षांची बाई बट्ट्यांपाशी बसून रडतेय... माझी मलाच लाज वाटली.

आमच्या सासूबाई एरवी माझ्या पोळीच्या कडासुद्धा तपासणाऱ्या. त्यांनी माझ्या हातातला चिमटा काढून घेतला. "जाय वं माय. बट्ट्या मी देखस."

मी साडी खोचली आणि पळाले. गेटवरच्या भाईंनी घड्याळ बघितलं, मला बघितलं आणि म्हणाले, "जलदी जजो, बेन."

सागाची वाळकी पानं, दोन्ही बाजूंना बांबू, पायाखालचा करकर आवाज. निम्म्या वाटेत आमचीच मंडळी परत येताना भेटली. ह्यांचा पहिला प्रश्न... "बट्ट्या झाल्या?" मी थांबलेच नाही.

आणि मग समोरची जमीन एकदम संपली. काळे उभे कडे, खाली कुठेतरी नदी. एक घार माझ्या पायांच्याही खाली तरंगत होती... घारीची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. फोटो काढायचं सुचलंच नाही. दहा मिनिटं मिळाली असतील, पोट काही भरलं नाही.

परत आले तर पंगत चालू होती. मी सासूबाईंच्या शेजारी बसले. मला वाढता वाढता त्यांनी हळूच विचारलं, "खाले नदी दिखस का?"

दिसते म्हटलं. मग त्या बोलू लागल्या. सासरे पलसाण्याच्या मिलमध्ये होते तेव्हा मिलच्या लोकांबरोबर त्या तीनदा इथे आल्या होत्या. तिन्ही वेळा चुलीपाशी. सासरे बघून यायचे आणि 'भारी शे' एवढंच सांगायचे. आता सासूबाईंचे गुडघे घरचा जिनासुद्धा चढू देत नाहीत.

मी हात पसरून, उभं राहून, जमेल तसं सगळं सांगितलं. घारीची पाठसुद्धा. बट्टी चुरायचं थांबवून त्या ऐकत होत्या.

परतीच्या वाटेवर गाडीत सगळे पेंगले होते. मला वाटलं त्यांचाही डोळा लागला... तर मध्येच म्हणाल्या, "नदीना रंग कसा व्हता वं?"

मला आठवेना. हिरवा, म्हणून सांगून टाकलं. त्या समाधानानं मान हलवून पुन्हा टेकल्या.

तेव्हापासून चुटपुट लागलीय... ती दहा मिनिटं दोघींच्या वाटची होती, मी नीट बघायला हवं होतं.